नुसतं बघून यायला काय जातं

...आणि वर मलाच विचारतात, ‘शाळा तुम्हीच बंद पाडलीत ना?’ मी? अहो, मी मोटारी भरणारा माणूस! विहिरीवरच्या, टाकीवरच्या, जळलेल्या, बुडालेल्या पाण्याच्या मोटारी माझ्याकडे येतात, मी त्यांची जळकी तार काढतो, नवी गुंडाळतो, चालवून दाखवतो आणि परत पाठवतो. शाळा बंद पाडणं हा काय माझा धंदा आहे? तुम्हाला सांगतो, मी शाळेला त्रास दिला तो फक्त विद्यार्थी असताना, आणि तोसुद्धा इतका नाही की शाळेनं कायमचं दार लावून घ्यावं. पण आता गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच... हा माणूस शाळा बघत फिरला आणि सगळी वाट लागली. बघत फिरला! आणि तेही काय माझ्या मनानं? आमची ही म्हणाली, ‘अहो, नुसतं बघून यायला काय जातं?’

काय जातं ना? सांगतो काय जातं ते.

पण पहिल्यापासून सांगायला हवं. आमची ही शिक्षिका. गावातल्या सरकारी शाळेत, सहावी ते आठवीला, गणित. गावात तिला नावानं कोणी ओळखतच नाही, ‘गणिताच्या बाई’. आणि मी? ‘गणिताच्या बाईंचे मिस्टर’. दुकानावर माझ्या नावाची हातभर पाटी आहे, तरी लोक विचारत येतात, ‘बाईंच्या मिस्टरांचं दुकान हेच का?’ असो. तर आमची मुलगी, तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण एका जागी ठरत नाही आणि बघावं तेव्हा स्वतःच्या वजनापेक्षा मोठं काहीतरी उचलून कुठेतरी निघालेली असते, ती पाचवी पास झाली. आता सहावी कुठे, हा काय प्रश्न आहे? आईची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. आईचं बोट धरून जायचं, आईचं बोट धरून यायचं. मी तर गणवेशाचं कापडसुद्धा मनात धरून ठेवलं होतं.

तर ही एक दिवस जेवताना, ताटाकडे बघत, म्हणते, ‘मुंगीला आपल्या शाळेत नाही घालायचं.’

माझा घास हातातच राहिला. म्हटलं, अगं, तू तिथे शिकवतेस! उद्या मी आपल्या घरची मोटर दुसऱ्याकडे भरायला टाकली तर माझ्या दुकानात कुत्रं तरी फिरकेल का? तर ती शांतपणे सांगायला लागली, आणि तुम्हाला सांगतो, ती शांतपणे बोलायला लागली की मला फार भीती वाटते. विज्ञानाचे सर रजेवर गेले ते रजेवरच निवृत्त झाले. भाषेच्या बाईंना शिक्षण खात्याच्या ऑफिसनं कसली तरी माहिती गोळा करायला घरोघर पाठवलंय, त्या शाळा सोडून सगळ्या घरांत जातात. मुख्याध्यापक मीटिंगला असतात, आणि नसतात तेव्हा मीटिंगहून येत असतात. उरली ही. एकटी. तीन वर्ग, एक खोली.

‘सहावीला मी भिंतीकडे तोंड करून बसवते,’ ती म्हणाली, ‘सातवीला फळ्याकडे आणि आठवीला खिडकीकडे. एका वर्गाला गणित सांगत असते तेव्हा बाकीचे दोन वर्ग “गप्प बसा” हा विषय शिकतात. तुम्हीच सांगा, माझ्या मुलीला मी भिंतीकडे तोंड करून बसवू?’

आता यावर नवरा काय बोलणार? तरी बोललो. म्हटलं, दुसऱ्यांच्या मुलांना बसवतेसच ना? बोललो आणि वाटलं, जीभ चावून तुकडा पडला असता तर बरं झालं असतं. तिनं उठून ताट धुतलं. माझं अर्धं भरलेलं ताट, तेही धुतलं.

मग तिनंच मार्ग काढला. पंचक्रोशीत सहावी-सातवीच्या सरकारी शाळा आणखी दोनच, एक हमरस्त्यावरची, एक टेकडीवरची. तिला स्वतःला जाणं शक्य नाही, बाईच दुसऱ्यांच्या शाळा बघत फिरल्या तर बोंब व्हायची. पण मी? मी मोटारवाला. प्रत्येक शाळेत पाण्याची टाकी असते, टाकीला मोटर असते, आणि मोटर बिघडलेली असते. ‘मोटर बघायला आलो म्हणा,’ ही म्हणाली, ‘आणि जाता जाता वर्ग बघा. नुसतं बघून यायला काय जातं?’

त्यात आमचा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. मोबाइलच्या दुकानात बसतो, त्यामुळे जगात चाललेलं सगळं त्याला कळतं असा माझ्या सासरच्या लोकांचा पक्का समज आहे. तो म्हणाला, ‘दाजी, जायचं कशाला? सरकारनं सगळ्या शाळांना तारे दिलेत. हे बघा. हमरस्त्याची, चार तारे. आपल्या ताईची, दोन तारे.’ म्हटलं, आणि टेकडीवरची? त्यानं बोटानं वर ढकललं, खाली ढकललं, फोन झटकला. ‘टेकडीवरची नुसती गोल गोल फिरतेय, दाजी.’ म्हणजे ते पानच उघडत नव्हतं. दोन तारे ऐकून ही आतल्या खोलीत निघून गेली. अहो, एवढी वर्षं घसा फोडला बाईनं, आणि कुणीतरी कुठेतरी गार खोलीत बसून म्हणतो, दोन!

तर गेलो हमरस्त्यावर. काय ती इमारत! दुमजली, लोखंडी फाटक, भिंतींवर सुविचार... इतके सुविचार की नुसता व्हरांड्यातून चालला तरी माणूस सुधारून बाहेर पडेल. पिशवी खांद्याला, पाना हातात, म्हटलं, मोटर बघायला आलोय. तर मुख्याध्यापक खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. ‘आलात! अहो, वर्षभर अर्ज करतोय आम्ही! शेवटी ऑफिसनं पाठवलं म्हणायचं!’ आता काय सांगू याला, की बाबा, मला ऑफिसनं नाही, बायकोनं पाठवलंय?

म्हटलं, आधी जरा शाळा दाखवा. तर माणूस काय खुलला! घर विकायला काढल्यासारखी शाळा दाखवायला लागला. ‘ही आमची प्रयोगशाळा.’ दाराला कुलूप. म्हटलं, उघडा की. ‘उघडतो ना, तपासणी असली की उघडतो.’ खिडकीतून बघितलं तर आत सूक्ष्मदर्शक, आला तसा प्लास्टिकच्या वेष्टनात. म्हटलं, मुलं कधी बघतात यातून? ‘छे छे, मुलं हात लावतात!’ म्हणजे बघा, शाळेत मुलं येतात हीच त्या माणसाची मोठी अडचण होती. ‘हे आमचं ग्रंथालय.’ काचेचं कपाट, त्यालाही कुलूप. काचेसमोर दोन मुली उभ्या राहून वेण्या नीट करत होत्या. त्या कपाटाचा तेवढाच काय तो कुणाला उपयोग. म्हटलं, गणित कोण शिकवतं? ‘पद मंजूर आहे,’ ते म्हणाले. मी म्हटलं, पद नव्हे हो, माणूस. ‘पद मंजूर आहे ना,’ ते पुन्हा म्हणाले, आवाज जरा चढवून, जसं काही मंजूर पद आत जाऊन फळ्यावर वर्गमूळ काढणार आहे!

मी सहज विचारलं, तुमची मुलं याच शाळेत का? तर साहेबांनी चष्मा पुसला. ‘मुलगा ना... तो शहरात असतो. मामाकडे. हवापाण्यासाठी.’

हवेचं मला माहीत नाही, पण पाणी मात्र खरंच नव्हतं. चार तारे, आणि नळाला थेंब नाही. मोटर जळून कोळसा झालेली. मुलं घरून बाटल्या आणायची आणि संपल्या की रस्ता ओलांडून समोरच्या टायरवाल्याकडे पाणी प्यायला जायची. हमरस्ता! ट्रक धडधडत चाललेले, आणि ही एवढीशी पोरं बाटल्या घेऊन कडेला उभी. आता माझा धंदा तो. बघवलं नाही. मोटर खोलली, दुकानात नेली, भरली, दुसऱ्या दिवशी आणून बसवली. टाकीत पाणी पडलं तेव्हा पोरं नळाखाली डोकी घालून ओरडत होती आणि मुख्याध्यापक मला म्हणाले, ‘ऑफिसला सांगा, आम्ही समाधानी आहोत.’

घरी येऊन हिला सांगितलं, तिथे इमारत शिकते आणि मुलं बाहेर उभी राहतात. ती म्हणाली, ‘बरं. मग टेकडीवरची बघून या. बघून यायला काय जातं?’

बघून यायला, तुम्हाला सांगतो, स्कूटरची क्लच केबल जाते. तो रस्ता म्हणजे रस्त्यानं जीव दिल्यावर मागे उरावं तसं काहीतरी आहे. शेवटचा चढ स्कूटर ढकलत गेलो. वर दोन खोल्या आणि ओटा. ओट्यावर कोणी नाही. म्हटलं, झालं, इथे तर पोरंसुद्धा गोल गोल फिरायला गेली. तर मागच्या बाजूनं आवाज. जाऊन बघतो तर एक बाई, वयानं लहानच, घसा बसलेला, पदर खोचलेला, आणि सगळी पोरं मैदानात दोर धरून पळताहेत. मैदानाचं क्षेत्रफळ काढत होती. वाकडंतिकडं मैदान, एका कोपऱ्यात खडक, आणि दोन पोरं हातघाईवर आलेली, की खडक धरायचा की सोडायचा. बाई म्हणाल्या, ‘भांडा, पण आकडा सांगून भांडा.’ मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच एका दगडावर बसलो. मोटर बघायला आलोय हे सांगायचंसुद्धा विसरलो. तशी तिथे मोटर नव्हतीच. हापसा होता.

मी मनात म्हटलं, ठरलं. मुंगी इथेच. तिचं काय, ती खडकसुद्धा उचलून बघेल. रोज स्कूटरनं सोडीन, केबल रोज तुटू दे, बांधीन रोज.

मग मधली सुट्टी झाली आणि मुली सगळ्या टेकडी उतरायला लागल्या. म्हटलं, जेवायला का? बाई म्हणाल्या, ‘घरी जातात. इथे मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. होतं, त्याची भिंत पडली. खाली गेलेल्या मुली दुपारी परत येत नाहीत.’ दोर गुंडाळत म्हणाल्या, ‘एवढा चढ पुन्हा कोण चढणार?’ म्हणजे मुलग्यांना पूर्ण शाळा आणि मुलींना अर्धी. आणि हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता हो. राग येऊन येऊन संपल्यावर जे उरतं ते होतं.

मी निघालो तशा त्या म्हणाल्या, ‘तुम्ही खालच्या गावचे ना? मग एक विचारू? माझी मुलगी यंदा सहावीत जाईल. मी तुमच्या गावात बदली मागितली आहे. तिथल्या शाळेत गणिताच्या बाई आहेत म्हणे, फार छान शिकवतात. मुलगी त्यांच्या हाताखाली गेली तर माझी काळजी मिटेल. खरंच चांगल्या आहेत का हो त्या?’

आता सांगा, काय बोलू? एवढंच म्हणालो, ‘चांगल्या आहेत.’ आणि स्कूटर उतारावर सोडून दिली.

घरी येऊन हिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. आधी ती हसली. मग हसता हसता तिचा चेहरा असा काही झाला की मी मुंगीला म्हटलं, जा, दुकानातून पाना घेऊन ये. म्हटलं, मोठ्यातला मोठा आण.

पण तोवर गावात वास लागला होता. मी केस कापायला बसलो होतो. वस्तरा मानेवर, आणि आमचा केस कापणारा विचारतो, ‘काय हो, बाई स्वतःच्या मुलीला दुसऱ्या शाळेत घालताहेत म्हणे? मेहुणे सांगत होते तुमचे.’ मेहुणा! अहो, त्या माणसाला पोटात गोष्ट ठेवायला सांगणं म्हणजे चाळणीत पाणी ठेवायला सांगणं. मी मान न हलवता म्हटलं, तसं काही नाही, नुसतं बघून आलो. तर तो म्हणाला, ‘मग आम्हीही येतो की बघून. बघून यायला काय जातं?’

आणि गेले. केस कापणारा गेला, शिंपी गेला, दूधवाला गेला, सगळी गल्ली ट्रॅक्टर करून हमरस्त्याची शाळा बघायला गेली. आणि काय बघून आले माहीत आहे? ‘काय इमारत! काय सुविचार! आणि नळाला पाणी काय, धो धो!’ धो धो! ते पाणी कुणी आणलं? कुणी भरली ती मोटर? ज्या नळाला भुलून लोकांनी माझ्या बायकोची शाळा सोडली तो नळ मी स्वतःच्या हातानं चालू केला होता! अशी कुऱ्हाड स्वतःच्या पायावर कुणी मारली नसेल. आणि मी तर वर धार लावून दिली होती.

एकेक करून पोरं गेली. दाखले न्यायला पालक यायचे तेव्हा हिच्याकडे बघायचे नाहीत, भिंतीकडे बघायचे. शिंपी तेवढा म्हणाला, ‘बाई, राग मानू नका. तुम्हीच जर...’ आणि वाक्य तिथेच टाकून गेला. ही मला म्हणाली, ‘तो चुकीचं काय बोलला?’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मुंगीला गणवेश घातला. मला विचारलंसुद्धा नाही. मुंगीचं बोट धरलं आणि मागच्या गल्लीतून जायचं सोडून भर बाजारातून, प्रत्येक दुकानासमोरून, सगळ्यांना दिसेल अशी चालत गेली आणि आपल्याच शाळेत आपल्याच मुलीचं नाव घातलं. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. समोर केस कापणारा उभा होता. त्यानं नजर खाली घातली. पण त्याचं पोर तर हमरस्त्याला जाऊन बसलं होतं.

आणि आता ऐका गंमत. त्याच आठवड्यात टेकडीवरच्या बाईंची बदली झाली. आमच्याच शाळेत! आल्या, मुलीला घेऊन आल्या. हिला बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाल्या, ‘अच्छा, चांगल्या आहेत म्हणालात ते या होय?’ मग दोघींनी मिळून ती शाळा अशी काही चालवली की विचारू नका. मुलं उरलेली मूठभर. एक वर्ग आत, एक ओट्यावर, एक अंगणात, कुणाचं तोंड भिंतीकडे नाही. मुंगी घरी येऊन माझ्या दुकानाचं क्षेत्रफळ काढायची, गिऱ्हाइकाला बाजूला सरकवून. संध्याकाळी ही घरी यायची ती गुणगुणत. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला कळलं की हिला गुणगुणता येतं. तुम्हाला सांगतो, त्या थोड्या दिवसांत आमच्या दोन ताऱ्यांच्या शाळेसारखी शाळा आसपास कुठे नव्हती.

मग ऑफिसचे साहेब आले. गाडीतून उतरले, वर्गात गेले, डोकी मोजली. कोण कसं शिकवतंय हे बघायचंसुद्धा नाही का? ही म्हणाली, ‘साहेब, एक तास बसून तरी बघा.’ साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, ‘बघायचं काय त्यात? मुलं कमी आहेत.’ ती म्हणाली, ‘कमी आहेत म्हणून तर शिकवता येतंय.’ साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं तिनं काही अपशब्द वापरला. म्हणाले, ‘बाई, आपल्याला सगळ्या शाळा सारख्याच.’

झाली बंद. पोरं हमरस्त्याच्या शाळेत जोडली. आता तिथे गणिताचं पद मंजूर, बाई मोकळ्या, म्हणजे ही तिथेच जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल ना? पण साहेब शेंबडं पोर नव्हते. टेकडीवरची जागा रिकामी झाली होती, हिला टेकडीवर पाठवलं. आणि टेकडीच्या बाईंना? ऑफिसात. शाळांना तारे द्यायची माहिती भरायला.

तर आता आमच्या घरी सकाळी दोन बस सुटतात. मुंगीची खाली जाते, आईची वर, टेकडीच्या पायथ्यापर्यंत, जाते, आणि मी मधे दोन डबे हातात घेऊन उभा. कुणाचा डबा कुणाला दिला हे दुपारीच कळतं.

हमरस्त्याच्या शाळेचा पहिला दिवस संपवून मुंगी आली. दप्तर ठेवलं नाही, उड्या मारल्या नाहीत, गुपचूप पायरीवर बसली. माझा जीव थोडा थोडा झाला. शेजारी बसलो आणि अगदी सहज वाटेल असं विचारलं, काय गं, कशी आहे नवी शाळा?

म्हणाली, ‘बाबा, नवी कुठे? केस कापणाऱ्या काकांचा मुलगा माझ्या मागे बसतो. शिंपीकाकांची दोन्ही पुढे बसतात. सगळी आपल्याच शाळेतली मुलं आहेत. आपलीच शाळा आहे ती.’ मग बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, ‘फक्त आई नाही.’

मी म्हटलं, हातपाय धुऊन घे. पाणी भरपूर आहे.